उघड्यावरचा टोमॅटो : बी पेरण्यापासून बी धरण्यापर्यंत

पहिल्यांदा टोमॅटो लावणाऱ्याच्या हातून बहुतेक वेळा दोनच चुका होतात. एक, रोप बाहेर लावायची घाई. दुसरी, मनाला येईल तसं पाणी. फळाच्या बुडाशी पडणारा काळा डाग, सालीला जाणाऱ्या भेगा, गळणारी फुलं, पिवळी पडत जाणारी खालची पानं अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि औषधाचं नाव विचारतात. मी आधी विचारतो, पाणी कधी आणि किती देता? निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. म्हणून या लेखात पाण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत.

आधी झाड ओळखून घ्या

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला. भरपूर ऊन, उबदार दिवस आणि मुळाशी साचून न राहणारं पाणी ही त्याची आवड तिथूनच आलेली. वांगं, मिरची, बटाटा हे त्याचे जवळचे भाऊबंद. हे नातं नीट लक्षात ठेवा, कारण या चौघांचे रोग आणि किडी बऱ्याच अंशी सामाईक असतात. एकाने जमिनीत सोडून ठेवलेलं दुखणं दुसऱ्याला लागतं.

दिवसा २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान असेल तर झाड खुशीत वाढतं. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की वाढ थबकते आणि हिमकण पडले तर एका रात्रीत झाड काळं पडून मरतं. दुसऱ्या टोकाला, दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ अंशांच्या वर जाऊ लागल्या की परागकण निकामी होतात आणि फुलं फळ न धरताच गळतात. झाड हिरवंगार दिसत असतं, फुलंही येत असतात, पण फळ काही धरत नाही.

त्यामुळे हंगामाचा हिशेब उलटा मांडायचा. बी पेरल्यापासून रोप लावणीला यायला पाच ते आठ आठवडे लागतात. उबदार हवेत लवकर, थंडीत उशिरा. लावणीनंतर पहिलं फळ पिकायला जातीप्रमाणे ६० ते ८५ दिवस. बियांच्या पाकिटावर जे दिवस छापलेले असतात ते बहुधा लावणीपासूनचे असतात, पेरणीपासूनचे नव्हेत. नवखा माणूस इथेच महिनाभराने चुकतो. जिथे हिवाळा कडक असतो तिथे शेवटचं हिम पडण्याची नेहमीची तारीख धरा आणि तिथून सहा ते आठ आठवडे मागे जाऊन घरात बी पेरा. जिथे उन्हाळाच भाजून काढणारा असतो तिथे फुलोऱ्याचे आठवडे सर्वांत तापलेल्या दिवसांत येणार नाहीत अशी पेरणी धरा.

जात निवडताना

टोमॅटोच्या जातींचे वाढीप्रमाणे दोन प्रकार पडतात. एक झुडूपवर्गी. ही झाडं ठरावीक उंचीला पोचली की शेंड्यावर फुलं येऊन वाढ थांबते आणि फळं साधारण एकाच सुमारास पिकतात. दुसरी वेलवर्गी. यांचा शेंडा वाढतच राहतो, दोन मीटरच्याही वर जातो, आणि हंगामभर थोडी थोडी फळं मिळत राहतात. पाकिटावर कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय बी घेऊ नका. आधार किती द्यायचा, फुटवे काढायचे की ठेवायचे, हे सगळं त्यावरच ठरतं.

पहिल्या वर्षी माझा सल्ला एकच : निदान एक झाड बारीक फळांच्या, म्हणजे चेरी प्रकारच्या जातीचं लावा. लहान फळं लवकर पिकतात, उष्णतेत आणि थंडीतही त्यातल्या त्यात बरी धरतात, आणि बुडाचा काळा डाग त्यांच्यावर क्वचितच पडतो. अर्धा किलोचं फळ देणाऱ्या जाती दिसायला मोहक असतात, पण पाण्यातली एक चूकही त्या पोटात घालत नाहीत.

पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसली तर ती जात अनुक्रमे व्हर्टिसिलियम, फ्युजेरियम या दोन मररोगांना (झाड कोमेजवून मारणाऱ्या बुरशींना) आणि सूत्रकृमींना, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींना, दाद न देणारी असते. एफ-१ लिहिलं असेल तर ते संकरित बी. पीक चांगलं येईल, पण त्याच्या फळातून धरलेल्या बियांपासून पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याची खात्री नाही.

जागा आणि माती

दिवसातून सहा ते आठ तास थेट ऊन लागेल अशीच जागा हवी. चार तासांत झाड जगतं, पण उंच, किडकिडीत होतं आणि फळं कमी देतं. गेल्या तीन वर्षांत जिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतला असेल ती जागा शक्यतो टाळा.

पाण्याचा निचरा तपासायला एक साधी रीत आहे. हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभराने पाहा. पाणी दोन-तीन सेंटिमीटर तरी खाली गेलं पाहिजे. तसंच तुडुंब उभं असेल तर तिथे सपाट जमिनीत लावू नका, वीतभर उंच गादीवाफा करा. टोमॅटोची मुळं पाण्यात बुडून राहिली की त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात.

मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) ६ ते ६.८ असेल तर उत्तम. दर चौरस मीटरला तीन-चार किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. ‘पूर्ण कुजलेलं’ या शब्दांवर माझा जोर आहे. कच्चं खत मातीत तापतं, मुळं भाजतं आणि हुमणीसारख्या अळ्यांना आसरा देतं. हातात घेतल्यावर त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास यायला हवा. शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

कुंडीत लावणार असाल तर एका झाडाला किमान २० लिटरचं भांडं. याहून लहान कुंडीत झाड लावता येतं, पण भर उन्हात ती इतक्या लवकर सुकते की पाण्याचा समतोल राखणं जवळजवळ अशक्य होतं.

पेरणी आणि रोप

भोकं असलेल्या ट्रेमध्ये किंवा लहान कुंड्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट यांचं हलकं मिश्रण भरा. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका, वरून हलकं झाका आणि बारीक झारीने पाणी द्या. माती २१ ते २९ अंशांच्या दरम्यान उबदार राहिली तर पाच ते दहा दिवसांत उगवण होते. उगवणीपर्यंत उजेड लागत नाही, ऊब लागते. मात्र कोंब वर दिसला की त्याच दिवशी ट्रे भरपूर उजेडात हलवा. अंधाऱ्या खिडकीत दोन दिवस राहिलेलं रोप दोऱ्यासारखं लांब होतं आणि ते पुन्हा जाडजूड करता येत नाही.

या वयात रोपाचा खरा शत्रू म्हणजे रोपं कोलमडणं. काल उभं असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. मातीतल्या बुरशीचं हे काम, आणि तिला बळ देतो तो सततचा ओलावा. वरची माती किंचित कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका, बी दाट टाकू नका, हवा खेळती ठेवा. एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही. ते आणि त्याभोवतीची चिमूटभर माती काढून टाका.

पहिली दोन लांबट पानं ही बीजदलं. त्यांच्यानंतर कातरलेल्या कडांची खरी पानं येतात. खऱ्या पानांची एक-दोन जोड्या झाल्या की प्रत्येक रोप स्वतंत्र कुंडीत हलवा. हलवताना रोप पानाला धरा, देठाला कधीच नाही. पान तुटलं तर नवं येतं. कोवळा देठ चिरडला तर रोप गेलंच.

घरात किंवा सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात नेऊन ठेवू नका. सात ते दहा दिवस त्याला बाहेरची सवय लावायची : पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग अर्धा दिवस, शेवटी रात्रभर बाहेर. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो गाळतात. एका वर्षी मीही गाळला होता. चोवीस रोपांची पानं एका दुपारीत कागदासारखी पांढरी पडली. त्यातली निम्मी सावरली, पण आठवड्याने लावलेली, सवय लावलेली रोपं त्यांच्या पुढे निघून गेली.

लावणी

रोप १५ ते २० सेंटिमीटर उंच, देठ पेन्सिलीएवढा जाड आणि रात्रीचं तापमान १२ अंशांच्या वर स्थिर झालं की लावणी करा. वेळ संध्याकाळची किंवा ढगाळ दिवसाची.

टोमॅटोत एक गुण आहे जो वांग्या-मिरचीत इतका ठळक दिसत नाही : मातीखाली गेलेल्या देठाला मुळं फुटतात. देठावर बारीक गाठी दिसतात त्या याच मुळांच्या खुणा. म्हणून खालची पानं काढून रोप वरच्या पानांच्या झुपक्यापर्यंत खोल पुरा. रोप फार लांब झालं असेल तर आडवा चर काढून देठ त्यात निजवा आणि फक्त शेंडा वर ठेवा, दोन दिवसांत तो आपोआप सरळ होतो. मात्र रोप कलम केलेलं असेल तर कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो पुरला तर वरच्या फांदीला मुळं फुटतात आणि कलम करण्याचा सगळा उपयोग वाया जातो.

दोन झाडांत ४५ ते ६० सेंटिमीटर आणि दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. रोपं लहान असताना हे अंतर उगाच मोकळं वाटतं. दोन महिन्यांनी त्याच मोकळ्या जागेतून वारा फिरतो, भिजलेली पानं लवकर सुकतात आणि करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, लांब राहतो.

आधाराची काठी लावणीच्या दिवशीच रोवा. नंतर रोवाल तर मुळं तुटतील. लावून झालं की प्रत्येक रोपाला दीड-दोन लिटर पाणी सावकाश द्या, म्हणजे मुळांभोवतीची पोकळी भरून निघते. पुढचे दोन-तीन दिवस रोप मान टाकेल. घाबरून पाण्याचा मारा करू नका, सावली करा.

पाणी

आता मुख्य गोष्ट. टोमॅटोला किती पाणी दिलं यापेक्षा ते किती सारखं दिलं याला जास्त महत्त्व आहे. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम पाट सोडल्यासारखं पाणी देणं हे नेहमी थोडं कमी देण्याहून वाईट.

याचं कारण झाडाच्या आत आहे. फळाची भिंत घडायला कॅल्शियम लागतं आणि ते मुळांकडून वर जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाबरोबरच प्रवास करतं. पानांतून बाष्प भरपूर उडतं म्हणून प्रवाहाचा ओढा पानांकडे असतो. फळातून बाष्प फार थोडं उडतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला कॅल्शियम आधीच कमी. मुळांशी पाणी तुटलं की सर्वांत आधी उपासमार होते ती फळाच्या देठापासून सर्वांत लांबच्या टोकाची, म्हणजे बुडाची. तिथल्या पेशी मरतात आणि काळा, चामड्यासारखा, खोलगट डाग पडतो. हा रोग नाही, एका फळातून दुसऱ्याला लागत नाही. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं, ते पोचत नसतं एवढंच. म्हणून डाग दिसल्यावर अंड्याची टरफलं चुरडून टाकण्याने त्या हंगामात काही साधत नाही, ती कुजायला फार वेळ लागतो. डागाळलेली फळं तोडा, पाणी नियमित करा. पुढची फळं स्वच्छ येतील.

भेगांचंही तसंच. कोरड्या आठवड्यात साल घट्ट होते, मग अचानक भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि सालीला ताण सोसत नाही. पिकायला आलेल्या फळांवर मोठा पाऊस होणार असेल तर रंग धरलेली फळं आधीच तोडून घ्या.

मग द्यायचं कसं? जमिनीतल्या झाडांना आठवड्याला एकूण अडीच ते चार सेंटिमीटर पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला २५ ते ४० लिटर, दोन किंवा तीन वेळांत विभागून. रोज वरवर शिंपडलेलं पाणी मुळांना वरच्याच थरात अडकवून ठेवतं, आणि तोच थर उन्हात सर्वांत आधी तापतो. खोलवर भिजवलेल्या जमिनीत मुळं खाली उतरतात आणि एखादा दिवस चुकला तरी झाड तग धरतं. हलक्या, वाळूसर जमिनीत पाळ्या जास्त आणि दर पाळीला पाणी थोडं, काळ्या भारी जमिनीत याच्या उलट. कुंडीला भर उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, कधी दोनदाही.

आकड्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. खालचा भाग ओलसर लागतो, माती बोटाला चिकटत नाही, मुठीत दाबली तर लाडू होतो आणि टिचकी मारली की फुटतो : हा वाफसा. जमीन जास्तीत जास्त काळ या अवस्थेत ठेवणं हीच टोमॅटोच्या पाण्याची सगळी कला. कोरडी लागली तर आज पाणी, चिखल लागला तर दोन दिवस थांबा.

वेळ सकाळची, आणि पाणी बुंध्याशी. पानांवर पडलेलं पाणी रात्रभर तसंच राहिलं की बुरशीला आमंत्रण. ठिबक असेल तर फारच चांगलं, नसेल तर झारीचं तोंड काढून सावकाश ओता. दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाण्याकडे धावू नका. कडक उन्हात मुळांना पुरवठा झेपत नाही म्हणून चांगलं झाडही मान टाकतं. सूर्य कलल्यावर पुन्हा पाहा. संध्याकाळी सावरलं तर सगळं ठीक. सकाळीही मलूलच असेल आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. सकाळी मलूल आणि माती ओली असेल तर मुळांशी काही तरी बिघडलं आहे, पाणी दिल्याने ते वाढेलच.

आच्छादन करा. वाळलेलं गवत, पेंढा, पालापाचोळा, जे मिळेल त्याचा पाच ते आठ सेंटिमीटरचा थर, बुंध्यापासून चार बोटं सोडून. ओल टिकते, तण दबतं, आणि पावसाचे थेंब मातीवर आपटून खालच्या पानांवर चिखल उडत नाही. त्या चिखलाबरोबरच करप्याची बुरशी वर चढत असते. थंड हवेत मात्र माती तापेपर्यंत आच्छादनाची घाई नको.

खत

लावणीच्या वेळचं कंपोस्ट पहिल्या महिनाभराला पुरतं. मग पहिली फळं बोराएवढी झाली की वरखत सुरू करा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं देत राहा. या काळात पालाशाची (पोटॅशची) गरज जास्त असते. नत्राचा (नायट्रोजनचा) हात सैल सोडलात तर झाड गडद हिरवं, जाडजूड, पानांनी भरलेलं होईल आणि फुलं रुसतील. सुंदर दिसणाऱ्या, फळ नसलेल्या झाडाला आणखी खत घालणं हा मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला प्रकार आहे.

आधार आणि फुटवे

वेलवर्गी झाडाला निदान पावणेदोन मीटर उंच, मजबूत काठी किंवा तारेवरून सोडलेली सुतळी हवी. बांधताना सुतळीचा इंग्रजी आठ करा, एक वेढा काठीला, एक सैल वेढा देठाला. देठ जाड होणार आहे, त्याला जागा ठेवा. झुडूपवर्गी झाडांना कमरेएवढा आधार पुरतो, पण फळांच्या वजनाने तीही लोळतात, तेव्हा अगदीच मोकळी सोडू नका.

पान आणि मुख्य देठ यांच्या बेचक्यात जो कोवळा कोंब येतो तो बगलफुटवा. वेलवर्गी झाडात तो पाच सेंटिमीटरचा असतानाच बोटांनी खुडा. एक किंवा दोन मुख्य देठ ठेवले की झाड आवरतं, हवा खेळते, फळं मोठी येतात. झुडूपवर्गी झाडाचे फुटवे काढू नका, त्याची फळं त्या फुटव्यांवरच यायची असतात. काम कोरड्या सकाळी करा. हात हिरवे-पिवळे होतील आणि त्यांना उग्र वास येईल. देठावरच्या बारीक लवेतून निघणारा तो चीक आहे, निरुपद्रवी आहे.

झाड मांडीएवढं झालं की जमिनीला टेकणारी खालची पानं काढून टाका. फळांवर सावली धरणारी पानं मात्र राहू द्या. उघड्या पडलेल्या हिरव्या फळाला कडक उन्हाचा चटका बसतो आणि त्या बाजूला पांढरा, पापुद्र्यासारखा डाग पडतो.

फुलं

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एकटं झाडही फळ देतं. पराग पुंकेसरांच्या नळीत आतल्या बाजूला असतो आणि फूल हलल्याशिवाय नीट झडत नाही. वारा हे काम करतो. भुंगे आणि काही रानमाश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात तेव्हा तर पराग धुळीसारखा उडतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही. जागा आडोशाची असेल तर सकाळी दहाच्या सुमारास, हवा कोरडी असताना, फुलांच्या घोसामागे देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारा. एवढ्यानेही फरक पडतो.

उष्णतेच्या लाटेत फुलं गळाली तर झाडाला दोष देऊ नका, औषधही मारू नका. दुपारची सावली मिळेल असं कापड ताणा, पाणी सांभाळा आणि वाट पाहा. रात्री गार झाल्या की पुढचे घोस धरतात.

दुखणी

रोज झाडापाशी जा आणि पान उलटून पाहा. दोन मिनिटं पुरतात. बहुतेक किडी पानाच्या खालीच असतात.

पानं वळली की लोकांना धसका बसतो, पण वळण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. खालची, जुनी पानं कडांकडून वर वळून नळीसारखी झाली असतील, पण हिरवी आणि जाडसर असतील, तर तो उष्णतेचा किंवा पाण्याच्या ताणाचा परिणाम. फळावर फारसा परिणाम होत नाही. शेंड्याची नवी पानं बारीक, सुरकुतलेली, कडा पिवळ्या आणि झाडाची वाढ खुंटलेली असेल तर तो पर्णगुच्छ, विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला औषध नाही. झाड हलवलं तर माश्या शेजाऱ्यावर उडतील, म्हणून आधी पिशवी पांघरा, मग उपटा. बचाव रोपाच्या वयातच करायचा असतो : बारीक जाळीखाली रोपं वाढवा, पिवळे चिकट सापळे लावा.

करपा दोन प्रकारचा. एकात खालच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग येतात आणि डागात झाडाच्या कापलेल्या खोडावर दिसतात तशी वलयं दिसतात. हा सावकाश वर चढतो. डागाळलेली पानं काढत राहिलात, आच्छादन असलं आणि पानं कोरडी राहिली तर झाड पीक देऊन जातं. दुसरा अंगावर काटा आणणारा. गार, दमट, ढगाळ हवेत पानांवर पाणी शिरल्यासारखे काळपट मोठे चट्टे, पानाखाली पांढरी लव, देठावर काळे पट्टे, फळावर कडक तपकिरी डाग, आणि चार-पाच दिवसांत सगळं झाड भाजल्यासारखं. १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग हाच. दिसताच झाड उपटून पिशवीत बंद करा, कंपोस्टात टाकू नका.

फळाला गोल भोक आणि बाहेर विष्ठा दिसली तर आत अळी आहे. अशी फळं अळीसकट नष्ट करा. टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावला तर या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणं पसंत करतो, मात्र झेंडू टोमॅटोच्या आधी फुलावर यायला हवा, म्हणून त्याचं रोप दोन आठवडे आधी तयार ठेवा. मावा आणि पांढरी माशी यांच्यावर ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. रासायनिक औषध वापरायची वेळ आलीच तर फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही हे डब्यावर छापलेलं असतं. तो आकडा पाळायचा म्हणजे पाळायचा, आपण फळ कच्चं खातो.

तंबाखू हाताळत असाल तर झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातांवरून टोमॅटोत जातो.

तोडणी

हिरव्या फळाच्या बुडाशी पहिली गुलाबी झाक आली की पिकण्याची क्रिया फळाने स्वतःच हाती घेतलेली असते. तिथून पुढे ते झाडावर पिकलं काय आणि घरात पिकलं काय, चवीत फार फरक पडत नाही. पाखरं, भेगा, पाऊस यांचा धोका असेल तर याच वेळी तोडा. पिकायला ऊन लागत नाही. उलट ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयारच होत नाही आणि फळं नारिंगी-पिवळसर राहतात. अशा दिवसांत रंग धरलेली फळं तोडून घरात सावलीत, देठाची बाजू खाली करून पसरा.

फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली सुगंध तयार होणं थांबतं आणि गर पिठूळ होतो. अगदी पिकून मऊ झालेली फळं दोन दिवस टिकवायची असतील तेवढाच अपवाद. हंगामाच्या शेवटी थंडी येऊन ठेपली तर पूर्ण वाढलेली हिरवी फळं तोडा आणि पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने तीही रंग धरतात.

बी धरणं

संकरित नसलेल्या जातीचं बी नक्की धरा. सर्वांत मोठं फळ निवडू नका. सर्वांत निरोगी झाड निवडा आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. बी गरासकट काचेच्या भांड्यात काढा, थोडं पाणी घाला, फडकं झाका आणि दोन-तीन दिवस आंबू द्या. दिवसातून एकदा ढवळा. वर पांढरा साय येईल, वास येईल, ते तसंच असतं. आंबण्याने बियांवरचा बुळबुळीत पडदा सुटतो, आणि उगवण रोखून धरणारा तोच पडदा असतो. चौथ्या दिवसाची वाट पाहू नका, बी भांड्यातच कोंब काढतं. धुवा, तळाशी बसलेलं चांगलं बी घ्या, तरंगणारं ओतून द्या. ताटलीवर सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. पुडीवर जात आणि वर्ष लिहा. कोरड्या, गार जागी हे बी चार-पाच वर्षं उगवतं.

शेवटचं फळ निघालं की झाड नुसतं कापू नका, मुळासकट उपटा आणि माती झटकून मुळं पाहा. पांढरी, तंतुमय असतील तर जमीन चांगली आहे. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. अशी मुळं जाळून टाका, त्या वाफ्यात झेंडू दाट लावा आणि पुढची तीन वर्षं टोमॅटोची जागा दुसरीकडे धरा.